जळगावच्या उन्हाळ्यात घरच्या रीफ टँकमध्ये जायंट क्लॅम जगेल का?

जगेल भाऊ, हा समुद्रातला मोठा शिंपल्यातला जीव, पण रीफ टँकचं, म्हणजे प्रवाळाच्या खाऱ्या टाकीचं, पाणी बाराही महिने २५ ते २७ डिग्रीत धरता आलं आणि वरून जोरदार लाइट मिळाला तरच. क्लॅमचं बरंचसं पोट भरतं त्याच्या मांसल पडद्यात राहणाऱ्या शेवाळावर, ते शेवाळ उजेडात अन्न बनवतं, आणि पाणी फार तापलं की शेवाळ निघून जातं, क्लॅम पांढरा पडतो आणि उपाशी मरतो. माझी इथेच खाऱ्या पाण्याची टाकी आहे, एप्रिलपर्यंत पाण्यावर पंखा सोडून भागतं, कारण आपली हवा कोरडी, पाणी उडतं आणि गार होतं, पण मे महिन्यात बाहेर ४४ असताना चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या मशीनशिवाय) जमत नाही, आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर पायजेच. पाणी उडून कमी होतं पण मीठ तिथंच राहतं, म्हणून भर घालताना साधं आरओचं पाणीच घाला, बोअरचं तर अजिबात नको. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम ठेवा, शिंपला त्यातूनच वाढतो. नायट्रेट एकदम शून्य करू नका, थोडं त्याला लागतं. टाकी सहा महिने तरी जुनी हवी.

एक मात्र नक्की बघा, मॅक्झिमा आणि स्क्वामोसा या जायंट क्लॅमच्या जाती आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, म्हणून लक्षद्वीप-अंदमानच्या समुद्रातून काढलेला कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊच नका, आधी वनविभागात विचारा.