भंडारदरा, मैत्रिणी आणि दुखरे गुडघे

प्रश्न : ताई, सप्टेंबरात आम्ही मैत्रिणी वीकेंडला ठाण्याहून भंडारदऱ्याला जातोय, सगळ्यांना कळसूबाई करायचंय पण एकीचे गुडघे दुखतात, तिला एकटीला हॉटेलवर बसवायचं जिवावर येतंय. काय करू?

उत्तर : अगं, बसवू नकोसच तिला! शनिवारी सगळ्याजणी गाडीनेच तलावाला फेरी मारा, शेंडीहून रतनवाडी, साम्रद, घाटघर करून परत, आणि खरं सांगू, मला तर शिखरापेक्षा ही फेरीच जास्त आवडते. रतनवाडीत अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, भिंतींवरचं कोरीवकाम अगदी जवळ जाऊन बघा, शेजारची पुष्करणी चुकवू नका, आणि मान वर केली की समोर रतनगड. घाटघरला ढग सरकेपर्यंत थांबा, कड्याखाली थेट कोकण दिसतं. सांदण दरीत मात्र पावसाळ्यात उतरायचं नाही, पाण्याचा लोंढा कधी येईल सांगता येत नाही.

रविवारी ज्यांना जमेल त्यांनी उजाडताच बारी गावातून कळसूबाई चढा. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर आहे ते, लोखंडी शिड्या ओल्या असतात, बुटांची ग्रिप चांगली हवी. तोवर दुसरी एखादी तिच्यासोबत थांबून विल्सन डॅम आणि रंधा धबधबा बघेल. फक्त कोण थांबणार ते निघायच्या आधीच ठरवा.