कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात

या खेपेचे निम्मे प्रश्न गेल्या खेपेचेच आहेत, फक्त गावं बदललीत. असो.

प्रश्न : जुन्या पीसीत डीडीआर-३ रॅम आहे. दुकानदार म्हणतो डीडीआर-४ घ्या, जरा दाबली की बसते. घेऊ का?

उत्तर : नको. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, पिनाही २४० आणि २८८. दाबलीत तर स्लॉट तुटेल. जमलं तर दुकानही बदला.

प्रश्न : पीसी रोज जुनीच तारीख दाखवतो. मदरबोर्ड बदलायला सांगितलाय.

उत्तर : आधी त्यावरचा बटणाएवढा सीआर २०३२ सेल बदला.

प्रश्न : नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं. पंखे फिरतात, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'.

उत्तर : मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डच्या पोर्टलाच असणार, ती कार्डाला लावा. तरी नाही आलं तर एसएमपीएसकडून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, कार्डाला येणारी ६ किंवा ८ पिनांची वायर राहिली का बघा. स्लॉटमधून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात. आणि तुमच्या एसएमपीएसला हे कार्ड झेपतं का, हे दोन्हींचे मॉडेल नंबर दाखवून जाणकाराला विचारा. स्टिकरवरच्या '४५० वॅट'वर जाऊ नका, स्वस्तातल्या मालावर काहीही छापलेलं असतं.

प्रश्न : अनवाणी असताना कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की मुंग्या येतात. शेजारी म्हणतात, 'एवढा करंट असतोच, चपला घाला.' यूपीएस घेतला तर थांबेल का?

उत्तर : चपला! हा सल्ला देणारा एकदा भेटायला हवा.

एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथेच दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. त्यांतून किंचित करंट बॉडीवर येतो आणि अर्थिंगच्या वायरीने जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडीवर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास उभे राहतात आणि हात लावणाऱ्यातून वाट काढतात. करंट थोडा, म्हणून मुंग्यांवर भागतं. उद्या आत फेजच बॉडीला टेकला तर भागणार नाही. शिवाय अशा पीसीला चालू असताना टीव्हीची एचडीएमआय केबल जोडा, ठिणगी दिसते. मग पोर्ट गेलं की 'कंपनीचा माल खराब'.

प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते ती उगाच नाही. ती आधी टेकावी आणि शेवटी सुटावी, म्हणून. लोक ती कापतात, नाहीतर टू-पिनचा कन्व्हर्टर लावतात. काही एक्स्टेन्शन बोर्डांना भोकं तीन आणि आत वायरी दोनच. मागे एका घरी सॉकेट उघडलं तर हिरवी वायर होती, पण टोकाला टेप गुंडाळून मागे कोंबलेली! यूपीएस अर्थिंग तयार करत नाही, तो त्याच सॉकेटमधून घेतो. सर्वांत वाईट म्हणजे न्यूट्रलचा लूप मारून, म्हणजे न्यूट्रलची वायरच अर्थिंगच्या पिनेला जोडून, 'घ्या, झालं अर्थिंग' म्हणणारे. तो न्यूट्रल कुठे तुटला तर अख्ख्या कॅबिनेटवर २३० व्होल्ट.

तेव्हा लायसन्सवाला वायरमन बोलवा आणि फेज–अर्थ, न्यूट्रल–अर्थ दोन्ही मीटरने मोजून घ्या. नुसता टेस्टर लावून 'ओके आहे' म्हणाला तर दुसरा बोलवा. स्वतः सॉकेट उघडू नका. तोवर पीसीचा प्लग काढून ठेवा.

प्रश्न : हार्ड डिस्क दीड महिना टकटक वाजतेय. मुलीच्या लग्नाचे फोटो त्यातच आहेत. सुट्टीत बघू म्हणतोय.

उत्तर : दीड महिना! आत्ता बंद करा. दुसरीकडे कॉपी नसेल तर 'एकदाच चालू करून बघतो' हेही नको, स्कॅन तर मुळीच नको. थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या आणि खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्या. व्हिडिओ बघून झाकण उघडू नका. आत धूळ गेली की तोही हात टेकतो.