पिशवी साफ केल्यानंतर पाळी कमी झाली तर

गर्भपातानंतर पिशवी साफ करून घेतली, त्यामुळे आतून काही चिकटले तर नसेल ना आणि आता पुन्हा दिवस राहतील का, हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या स्त्रिया पहिल्या भेटीत सहसा विचारत नाहीत. आधी झोप लागत नसल्याचे सांगतात, घरात कुणाशी बोलावेसे वाटत नसल्याचे सांगतात आणि निघता निघता, पर्स खांद्याला लावल्यावर, हे विचारतात. आज ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्यांनीही असेच विचारले होते. त्यांच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत गर्भाचे ठोके थांबल्याचे कळल्यावर त्यांचे क्युरेटिंग, म्हणजे पिशवी आतून साफ करणे, झाले. रक्तस्राव थांबेना, अंग गरम लागू लागले, पुन्हा सोनोग्राफी केली तेव्हा आत थोडा अंश राहिल्याचे दिसले आणि तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा पिशवी साफ करावी लागली. त्यानंतर पाळी आली खरी, पण पूर्वी पाच दिवस व्यवस्थित अंगावरून जायचे, तिथे आता जेमतेम दीड दिवस डाग पडत होते. मोबाइलमधली पाळीच्या तारखांची नोंद त्यांनी मला दाखवली. सलग पाच महिने, प्रत्येक तारखेसमोर एकच शब्द लिहिलेला होता : ‘डाग’. घरच्यांनी आणि ओळखीच्या एका डॉक्टरांनीही हे टेन्शनमुळे होत असल्याचे सांगितले होते. मन शांत ठेवा, पाळी आपोआप सुरळीत होईल, या सल्ल्यावरच त्या माझ्याकडे आल्या होत्या.

मनावरच्या ताणाने पाळीचे चक्र पुढेमागे होते, कधी चुकतेही. परंतु पाळी वेळच्या वेळी येते, स्तन दुखतात, ओटीपोटात कळ येते आणि तरीही पिशवी साफ केल्यापासून स्राव मात्र एकदम कमी झालेला आहे, असे चित्र असेल तर ते मनाच्या खात्यावर टाकून मोकळे होणे योग्य नाही. माझे काम मनाशी संबंधित आहे, म्हणूनच हे मी अधिक ठामपणे सांगते. शरीराची तपासणी होण्याआधी ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगितले गेले की त्या स्त्रीला आपल्या त्रासाला आपणच कारण आहोत असे वाटू लागते, आणि हे ओझे तिला आधीच पेलवत नसते.

आत काय घडलेले असू शकते, हे समजावण्यासाठी मी त्यांना गर्भाशयाचे एक चित्र कागदावर काढून दाखवले. गर्भाशयाच्या अस्तराचा वरचा थर दर महिन्याला पाळीवाटे गळून जातो आणि खालचा, तळाचा थर तसाच राहून त्याच्यातून नवे अस्तर तयार होते. गरोदरपणानंतर गर्भाशय मऊ असते, शरीरातले इस्ट्रोजेन, म्हणजे अस्तर वाढवणारे संप्रेरक, कमी झालेले असते आणि अशा वेळी खरवडताना तळाच्या थराला इजा झाली तर त्या जागी अस्तर उगवण्याऐवजी व्रण धरतो, आणि एकमेकींना टेकलेल्या पुढच्या व मागच्या भिंती तिथे चिकटतात. जिथे अस्तरच नाही तिथून रक्तस्राव होणार नाही, म्हणून पाळी कमी होते. क्वचित गर्भाशयाच्या तोंडाशीच चिकटले तर रक्त आत अडकून दर महिन्याला पाळीच्या सुमारास पोट दुखते, पण बाहेर काहीच येत नाही. असा एक रुग्णानुभव हाइनरिक फ्रिच यांनी १८९४ मध्येच नोंदवला होता आणि १९४८ मध्ये जोसेफ अ‍ॅशरमन यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले, त्यामुळे त्याला अ‍ॅशरमन सिंड्रोम म्हणतात.

हे ऐकून त्यांनी विचारले, “म्हणजे क्युरेटिंग झालेल्या सगळ्यांचेच असे होते का?” नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, गर्भपातानंतर दुर्बिणीने तपासल्या गेलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १९ टक्के जणींच्या गर्भाशयात काही ना काही चिकटलेले आढळले, परंतु त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींचा चिकटपणा सौम्य होता. दोन किंवा अधिक वेळा पिशवी साफ करावी लागली तर धोका वाढतो, हेही त्याच आढाव्यात दिसले. दुसरीकडे, पहिल्या तिमाहीत गर्भपात झालेल्या स्त्रियांचा ब्रिटनमध्ये काही वर्षे पाठपुरावा झाला, त्यांपैकी काहींनी नुसती वाट पाहिली होती, काहींनी गोळ्या घेतल्या होत्या आणि काहींची शस्त्रक्रिया झाली होती, आणि पाच वर्षांच्या आत मूल होण्याचे प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखेच, सुमारे ८० टक्के होते. हे दोन्ही आकडे मी नेहमी एकत्र सांगते. पहिलाच सांगितला तर भीती बसते आणि दुसराच सांगितला तर जिला खरोखर तपासणीची गरज आहे ती निर्धास्त राहून वेळ घालवते.

त्यांच्या बाबतीत दोनदा झालेले क्युरेटिंग आणि त्यानंतर बदललेली पाळी या दोन गोष्टी एकत्र होत्या, म्हणून मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे ‘दुर्बिणीने गर्भाशय आतून पाहण्याची गरज आहे का’ असे थेट विचारायला सांगितले. साध्या सोनोग्राफीत पुष्कळदा केवळ अस्तर पातळ दिसते, संप्रेरकांच्या रक्ततपासण्या व्यवस्थित येऊ शकतात आणि या दोन्ही अहवालांवर ‘सगळे नॉर्मल’ म्हणून विषय मिटवला जाऊ शकतो. निदान पक्के होते ते हिस्टेरोस्कोपीने, म्हणजे योनीमार्गातून बारीक दुर्बीण आत घालून पाहिल्यावर.

भेटीची तारीख मिळेपर्यंतच्या काळात आम्ही ज्या विषयावर सर्वाधिक बोललो तो म्हणजे दुसऱ्या क्युरेटिंगच्या संमतीपत्रावर त्यांनी केलेली सही. “त्या कागदावर मीच सही केली. गोळ्या घेतल्या असत्या, थोडे थांबले असते, तर हे झाले नसते,” असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत. त्यावर ‘तुमची काही चूक नाही’ असे मी लगेच म्हटले नाही, कारण असे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात शिरत नाही. मी त्यांना त्या दिवशी त्यांना काय काय माहीत होते ते लिहून आणायला सांगितले. नंतर वाचलेले, कुणी सांगितलेले त्यात धरायचे नाही. त्यांनी आणलेल्या कागदावर चारच ओळी होत्या : रक्त थांबत नव्हते, अंग तापले होते, आत अंश राहिला होता, लवकर निर्णय घ्या असे सांगितले होते. त्या ओळी त्यांनी मोठ्याने वाचल्या आणि बराच वेळ रडल्या. राहिलेल्या अंशामुळे जंतुसंसर्ग आणि अतिरक्तस्राव होऊ शकतो, हा धोका काल्पनिक नव्हता. ज्या माहितीवर त्या आज स्वतःला दोषी ठरवत होत्या ती त्या दिवशी त्यांच्यापाशी नव्हतीच. अपराधीपणा एका बैठकीत गेला नाही, पण पुढच्या वेळी त्या “मी काय करायला हवे होते” याऐवजी “आता मी काय विचारू” असे म्हणाल्या.

त्यांना डॉक्टरांचा रागही आला. तो राग मी दाबला नाही आणि वाढवलाही नाही. काळजीपूर्वक केलेल्या शस्त्रक्रियेनंतरही चिकटपणा येऊ शकतो. तरीही, धारदार क्युरेटने खरवडण्याऐवजी सक्शनने पिशवी रिकामी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, त्यामुळे कोणती पद्धत वापरणार आणि सोनोग्राफीत पाहत करणार का, हे विचारण्याचा प्रत्येक रुग्णाला हक्क आहे. प्रकृती स्थिर असेल तर गोळ्यांचा किंवा काही दिवस वाट पाहण्याचा पर्यायही समजून घेता येतो. हे प्रश्न मी आता गर्भपाताच्या बातमीने हादरून आलेल्या जोडप्यांना कागदावर लिहून देते, कारण त्या वेळी डोके चालत नाही.

हिस्टेरोस्कोपीत मध्यम स्वरूपाचा चिकटपणा दिसला. दुर्बिणीतूनच बारीक कात्रीने तो सोडवण्यात आला, भिंती पुन्हा चिकटू नयेत म्हणून काही दिवस आत लहान फुगा ठेवला आणि अस्तर वाढण्यासाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या. काही आठवड्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा एका कोपऱ्यात थोडे परत चिकटले होते, तेही सोडवले. या दुसऱ्या वेळी त्या फार खचल्या. पुन्हा चिकटणे ही या आजाराची ओळखीची खोड आहे, तीव्र प्रकारात तर ते अधिकच होते, आणि म्हणूनच दुसरी पाहणी ठरवून केली जाते, हे त्यांना आधीच सांगितले गेले असते तर तो धक्का इतका बसला नसता.

त्यांचे पती एकदाच आले. ‘हिला बरे वाटू दे, मूल नंतर पाहू’ असे ते घरी म्हणत आणि पत्नीला ते टाळणे वाटत असे. समोरासमोर बसल्यावर ते म्हणाले की दुसऱ्या क्युरेटिंगच्या वेळी बाहेर बसून आपण पत्नी वाचेल ना, एवढाच विचार करत होतो. हे त्यांनी तोवर पत्नीला सांगितलेच नव्हते.

आता त्यांची पाळी साडेतीन दिवस चालते. पूर्वीइतकी नाही, पण डॉक्टरांना अस्तराची वाढ समाधानकारक वाटते आणि प्रयत्न करायला हरकत नाही असे त्यांनी सांगितले आहे. त्या अजून थांबल्या आहेत आणि मी त्यांना घाई करत नाही. मात्र एक गोष्ट मी त्यांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवायला सांगितली आहे. पुढे दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत, डॉक्टर वेगळे असले तरी, या शस्त्रक्रियांची माहिती द्यायची, कारण चिकटपणा झालेल्या गर्भाशयात वार (प्लॅसेंटा) भिंतीत खोलवर रुतून बसण्याची शक्यता वाढते, आणि ते आधी माहीत असेल तर सोनोग्राफीत वारेची जागा नीट पाहता येते आणि बाळंतपणाची तयारी त्याप्रमाणे करता येते.