स्टेडियममध्ये अर्धे तिकीट का मिळत नाही?

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि मुलगी दीड वर्षाची. वानखेडेवर आयपीएलचा एखादा सामना सहकुटुंब पाहावा, असा आमचा विचार आहे. एसटीत मुलाचे अर्धे तिकीट निघते. मग सामन्याचे तिकीट काढताना मुलांसाठीचा पर्याय कुठेच कसा दिसत नाही? मुलीचेही तिकीट काढावे लागेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पर्याय दिसत नाही, कारण बहुधा तो नसतोच. पाचाच्या आत फुकट आणि बाराच्या आत अर्धे, हे गणित एसटीने आणि रेल्वेने आपल्या मनात इतके पक्के बसवले आहे की, ते सगळीकडे लागू असणार असे आपण गृहीत धरतो. स्टेडियमचा हिशेब मात्र माणसांचा नसून खुर्च्यांचा असतो, आणि सहा वर्षांच्या मुलाने अडवलेली खुर्ची आयोजकांच्या लेखी साठ वर्षांच्या गृहस्थाने अडवलेल्या खुर्चीइतकीच असते. रेल्वेनेही एप्रिल 2016 पासून आरक्षित डब्यांत हेच तत्त्व स्वीकारले आहे : पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ मागितला तर पूर्ण भाडे, बर्थ नको असेल तर अर्धे. वानखेडेत साधारण 33,000 प्रेक्षक बसतात आणि आयपीएलच्या सामन्यांना मागणी त्याहून कितीतरी जास्त असते, त्यामुळे सवलत देऊन खुर्च्या भरण्याची गरज संघाला पडत नाही. निदान एक कोपरा मुलांसाठी कमी दरात राखून ठेवला तर संघांचे काही फार बिघडेल असे आम्हाला वाटत नाही. पण आज तशी सोय नाही, हे धरूनच खर्चाचा अंदाज बांधावा.

मुलीबाबत उत्तर थोडे वेगळे आहे. बऱ्याच सामन्यांच्या अटींत दोन वर्षांवरील प्रत्येक मुलाला स्वतंत्र तिकीट लागेल, असे नमूद केलेले असते. त्याहून लहान मूल मांडीवर बसते आणि त्याला खुर्ची मिळत नाही. ही मर्यादा कायद्याने ठरलेली नसून आयोजकांनी घातलेली आहे, म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या विशिष्ट सामन्याच्या अटी वाचाव्यात. वय सामन्याच्या दिवशीचे धरले जाईल असे समजून चालावे, आणि जन्मदाखल्याची किंवा आधार कार्डाची प्रत मोबाइलमध्ये ठेवावी. फाटकावरच्या माणसाला बाळसेदार दीड वर्ष आणि किरकोळ अडीच वर्षे यांत फरक करता येत नाही.

आपण विचारलेले नाही, तरी सांगतो : शक्य असल्यास मुलीला आजीकडे ठेवून जावे. रात्रीचा सामना साडेसातला सुरू होतो आणि साडेअकराच्या आसपास संपतो. चार तास ध्वनिवर्धकांचा दणदणाट, प्रत्येक चौकाराला उठणारा गलका, आणि त्यानंतर चर्चगेटहून दादरला येऊन मध्य रेल्वेची गाडी पकडायची, तीही एक मूल खांद्यावर झोपलेले आणि दुसरे हात धरून रडत असताना. शनिवार-रविवारी काही सामने दुपारी साडेतीनला सुरू होतात. मुलांना न्यायचे असेल तर प्रतिस्पर्धी संघ कोणता यापेक्षा ही वेळ आधी पाहावी. उन्हाचा त्रास असतो हे खरे, पण 2011च्या विश्वचषकापूर्वी झालेल्या नूतनीकरणात वानखेडेच्या स्टँडवर छप्पर आले आहे, आणि पश्चिमेकडच्या बाजूला सावली लवकर येते.

आता किमतीविषयी. 22 सप्टेंबर 2025 पासून आयपीएलसारख्या सामन्यांच्या प्रवेशावर 40 टक्के जीएसटी आहे; त्यापूर्वी तो 28 टक्के होता. म्हणजे हजार रुपये मूळ किमतीचे जे तिकीट 1,280 रुपयांना पडत होते, ते आता 1,400 रुपयांना पडते, आणि मुलाच्या खुर्चीलाही यात सूट नाही. तिघांच्या तिकिटांवर केवळ कराचे 1,200 रुपये होतात. बहुतेक वेळा दाखवलेली किंमत करासहित असते, तरी ऑनलाइन खरेदीत सोयीचे शुल्क शेवटच्या टप्प्यावर जोडले जाते, याकडे लक्ष असू द्यावे.

घरातल्या सगळ्यांची तिकिटे एकाच व्यवहारात काढावीत. प्रस्तुत लेखकाने एकदा तीन तिकिटे आपल्या खात्यावरून आणि चौथे भावाच्या खात्यावरून काढण्याची हुशारी केली होती. तीन खुर्च्या एका ब्लॉकमध्ये आणि चौथी पलीकडच्या ब्लॉकमध्ये निघाली, दोन्ही ब्लॉकच्या मध्ये जाळी होती, आणि आठ वर्षांच्या पुतणीशेजारी बसायला मिळावे म्हणून अनोळखी प्रेक्षकांची मनधरणी करण्यात पहिली चार षटके गेली. एका खात्यावर किती तिकिटे मिळतात याला मर्यादा असते. आपण तिघेच असल्याने ती आड येऊ नये. लहान मुलासाठी वरच्या मजल्यापेक्षा खालचा मजला बरा, कारण वरच्या पायऱ्या उभ्या चढणीच्या असतात. नॉर्थ स्टँडची मजा काही औरच, पण तिथे लोक बसण्यासाठी जात नाहीत, आणि समोरचे सगळे उभे राहिले की सहा वर्षांच्या मुलाला फक्त पाठी दिसतात.

तिकीट संपले म्हणून समाजमाध्यमांवर कुणी पाठवलेल्या क्यूआर कोडच्या छायाचित्रावर पैसे देऊ नयेत. तो कोड फाटकावर एकदाच चालतो. तेच छायाचित्र आणखी चौघांना विकले गेले असेल तर पहिला पोहोचलेला आत जातो आणि बाकीचे बाहेर राहतात. निघताना बॅग, पाण्याची बाटली आणि पॉवर बँक घरीच ठेवावी. बाळाला नेणारच असाल तर दुधाची बाटली आत चालते का, हे आयोजकांना आधीच विचारावे. तिकिटावर कोणते गेट लिहिले आहे तेही घरीच पाहून ठेवावे. विनू मंकड मार्गाच्या बाजूचे गेट आणि डी रोडच्या बाजूचे गेट यांच्यामध्ये गर्दीतून घालावा लागणारा वळसा मुलाला बराच लांबचा वाटतो.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची नात लेगस्पिन टाकते. तिला मोठ्या मैदानावरचा खरा सामना दाखवायचा आहे, पण निवृत्तिवेतनात आयपीएलचे दर झेपणारे नाहीत. (एक आजोबा, पिंपरी)

उत्तर : आपल्या नातीसाठी आयपीएल हा तसाही पहिला पर्याय नव्हे. महिलांचे सामने पाहावेत. 2025च्या महिला विश्वचषकाची भारतातील साखळी सामन्यांची तिकिटे सुरुवातीला 100 रुपयांपासून विकली गेली, आणि 2 नोव्हेंबर 2025 रोजी भारताने दक्षिण आफ्रिकेला हरवून तो चषक जिंकला, तो नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. त्याच मैदानावर डिसेंबर 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या महिलांच्या टी-20 सामन्यांना प्रवेश विनामूल्य होता, आणि सुपर ओव्हरपर्यंत गेलेला दुसरा सामना पाहायला चाळीस हजारांहून अधिक लोक आले होते.

करातही इथे फरक पडतो. मान्यताप्राप्त क्रीडा संस्थांच्या स्पर्धांना, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामन्यांना, आयपीएलचा दर लागू नाही. 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही आणि त्यापुढे 18 टक्के आहे. आपल्याला दोन तिकिटे काढायची आहेत, तेव्हा पाचशेच्या आतला स्टँड शोधणे सरळ फायद्याचे ठरते.

रणजी करंडकाच्या सामन्यांना सहसा तिकीटच नसते. गोलंदाजी शिकणाऱ्या मुलीला चार दिवसांच्या सामन्यातले एक सकाळचे सत्र जे शिकवेल, ते आयपीएलचे पाच सामने शिकवणार नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे : फिरकी गोलंदाज एका टोकाकडून सलग दहा-बारा षटके टाकतो, क्षेत्ररक्षक हलवतो, मार खातो आणि पुन्हा तोच चेंडू टाकून पाहतो. मैदान रिकामे असल्याने साइटस्क्रीनच्या, म्हणजे गोलंदाजाच्या मागे सीमेबाहेर असलेल्या मोठ्या पडद्याच्या, जवळची खुर्ची गाठून चेंडूचे वळणही पाहता येते. गहुंजेला जाणार असाल तर एवढे लक्षात ठेवावे की, तिथल्या बऱ्याच स्टँडवर छप्पर नाही. टोपी हवीच आणि पाण्याची सोय कुठे आहे ते आत शिरल्याबरोबर पाहून घ्यावे.

विनामूल्य प्रवेशाच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र हवी. खुर्चीला क्रमांक नसतो, तेव्हा जो आधी पोहोचेल तो आत जातो, आणि सगळा दाब फाटकावर येतो. 4 जून 2025 रोजी बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर, विजयोत्सवासाठी लोटलेल्या गर्दीत चेंगरून अकरा जण मृत्युमुखी पडले. रणजीला अशी वेळ क्वचितच येते, पण एखादा मोठा खेळाडू खेळणार असल्याची बातमी असेल त्या दिवशी नातीला घेऊन फाटकाशी रेटारेटी करण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी जावे. सामना चार दिवस चालतो.

प्रश्न : आमच्या शाळेतील चाळीस विद्यार्थ्यांना सामना दाखवायचा आहे. एकत्र तिकिटे कशी काढावीत? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : ऑनलाइन काढता येणार नाहीत, खात्यावरील मर्यादेमुळे चाळीस मुले दहा ठिकाणी विखुरतील. मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र, विद्यार्थ्यांची यादी आणि सोबत येणाऱ्या शिक्षकांची नावे घेऊन क्रिकेट संघटनेच्या कार्यालयाकडे विनंती करावी, आणि तीही तिकीटविक्री सुरू होण्यापूर्वी. कसोटी सामन्याचा कामाचा दिवस मागितला तर होकाराची शक्यता अधिक, कारण त्या दिवशी स्टँड रिकामे असतात. मुंबई इंडियन्स दर हंगामात एक सामना स्वयंसेवी संस्थांमार्फत येणाऱ्या मुलांसाठी ठेवते. 2023 मध्ये कोलकात्याविरुद्धच्या अशा सामन्याला सुमारे 19,000 मुली वानखेडेवर आल्या होत्या. ती निमंत्रणे संस्थांमार्फत जातात, त्यामुळे आपल्या परिसरात अशी संस्था काम करत असल्यास तिच्याशी बोलून पाहावे.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची भाची नाशिकहून सुट्टीत येणार आहे. इथे तिचे तिकीट मुलांच्या दरात काढता येईल का? (एक वाचक, मेलबर्न)

उत्तर : बहुधा येईल. आपल्याकडे मुलांचा दर नाही याचे कारण वर सांगितले; मेलबर्नचे मैदान लाखभर प्रेक्षकांचे आहे, आणि एवढ्या खुर्च्या भरायच्या तर घरेच्या घरे यावी लागतात. 2022च्या टी-20 विश्वचषकात उपान्त्य फेरीपूर्वीच्या सामन्यांची मुलांची तिकिटे 5 डॉलरला आणि मोठ्यांची 20 डॉलरपासून होती. भारत-पाकिस्तान सामन्याला तिथे 90,293 प्रेक्षक आले, त्यांत असंख्य कुटुंबे होती. मुलांच्या दराची वयोमर्यादा प्रत्येक स्पर्धेगणिक बदलते आणि भाची तेरा वर्षांची असल्याने ती मर्यादेच्या काठावर येऊ शकते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ती तपासावी आणि सामन्याच्या दिवशी तिच्या पासपोर्टची प्रत जवळ ठेवावी. ती ऐनवेळी आली नाही, तर तिच्या तिकिटावर एखाद्या मोठ्या माणसाला नेता येणार नाही; फाटकावर कोड वाचला जातो तेव्हा ते मुलांचे तिकीट असल्याचे तिथल्या कर्मचाऱ्याला दिसते.