पन्नास वर्षं जुन्या आयटी कंपनीत काम करणं आतून कसं असतं?

कॅम्पसमधून एक जुनी, मोठी कंपनी आणि एक स्टार्टअप अशा दोन ऑफर आहेत, त्यातली जुनी आतून कशी असते, असं तुम्ही विचारलंय. पुण्यात हिंजवडीला अशाच एका कंपनीत मी बरीच वर्षं काढली. नाव सांगत नाही, अर्धी मित्रमंडळी अजून तिथेच आहेत.

एवढ्या मोठ्या ठिकाणी 'कंपनी' अशी काही नसतेच. तुमचा प्रोजेक्ट आणि तुमचा मॅनेजर, एवढीच तुमची कंपनी. माझ्या बॅचमधली काही मुलं क्लाउडवर गेली, मला मेनफ्रेम, म्हणजे बँका वगैरे वापरतात ते मोठे संगणक, मिळालं. आवडनिवड कोणी विचारली नाही, ट्रेनिंग संपलं तेव्हा जिथे माणसं हवी होती तिथे पाठवलं. आयबीएमचं सिस्टिम/३६० हे मेनफ्रेम आलं १९६४ साली, त्यावरची कोबोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्याच्याही आधीची, आणि मी इंजिनिअरिंगला जावा शिकून आलेलो! कोबोलची ओळ ७२व्या रकान्यात संपते, कारण एकेकाळी एक ओळ म्हणजे ८० रकान्यांचं, भोकं पाडलेलं एक पंचकार्ड असायचं, आणि त्यातले शेवटचे आठ रकाने कोडसाठी नसायचे. पहिले सहा रकाने क्रमांकाचे, म्हणजे गठ्ठा हातातून पडला तरी कार्डं पुन्हा ओळीने लावता यावीत. कार्डं केव्हाच गेली, रकाने राहिले.

पण बँकांचे हिशेब आजही रात्री याच कोडवर चालतात, आणि जुन्या कंपनीची खरी मजा तिथे आहे. एकदा रात्रपाळीत बॅच जॉब (एकगठ्ठा चालणारं काम) 'सॉक सेव्हन' या एररने अबेंड झाला, म्हणजे मध्येच बंद पडला. मी प्रोग्रॅम वाचत बसलो होतो. टीममधल्या एका सीनियरनी (सगळे त्यांना काकाच म्हणायचे) नुसता डम्प (बंद पडताना मेमरीत काय होतं त्याची नोंद) पाहिला आणि एका जागी बोट ठेवलं, "हे चाळीस-चाळीस दिसतंय ना? स्पेसेस आहेत. आकड्याच्या जागी कोरी फील्ड आलीय. प्रोग्रॅम सोड, फाइल कोणी पाठवली ते बघ." तसंच निघालं. असलं शिक्षण कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही.

आता दुसरी बाजू. हे काका वर्षानुवर्षं त्याच बँडमध्ये, म्हणजे हुद्द्याच्या त्याच पायरीवर, होते. अप्रेझलला बेल कर्व्ह असायचा. टीममध्ये सगळे चांगले असले तरी कोणाला तरी खाली ढकलावंच लागायचं, आणि ज्याच्यामुळे जॉब पडतच नाही त्याचं काम क्लायंटला दिसत नाही. बाहेरून आलेल्याला त्याच कामाचे जास्त पैसे, आतल्याला एक आकडी हाइक. शिवाय तीन महिन्यांचा नोटीस पीरियड, त्यामुळे दुसरीकडे ऑफर मिळाली तरी ती टिकवताना नाकी नऊ येतात.

सुखं मात्र खरी आहेत. पगार तारखेला. आईवडिलांचा मेडिक्लेम. टीममधली एक जण बाळंतपणाची रजा संपवून आली तर तिची जागा तशीच होती. घरी तुमच्या पगारावर कोणी अवलंबून असेल तर याची किंमत मोठी आहे, मग मित्र काहीही म्हणोत.

माझं मत विचाराल तर जा, पण तीनेक वर्षांचा हिशेब ठेवून. आधी ऑफर लेटरमध्ये सर्व्हिस ॲग्रीमेंट किती काळाचं आणि मोडलं तर किती भरायचे ते वाचा. टेक्नॉलॉजी कोणती मिळेल ते एचआर सांगणार नाही. गेल्या वर्षी तुमच्या कॉलेजातून तिथे गेलेल्या कोणाला तरी फोन करा.