अमारोने : वाळवलेल्या द्राक्षांची वाईन

प्रश्न : इटलीतली अमारोने वाळवलेल्या द्राक्षांपासून करतात म्हणे. म्हणजे आमच्या बेदाण्यासारखेच का? शेड, रॅक, डिपिंग हे सगळे तिथेही असते? (तासगाव)

शेड आणि रॅक असतात, डिपिंग नसते. आणि खरा फरक तिथेच पडतो. आपल्याकडे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. त्याने सालीवरच्या मेणाची आडकाठी मोडते, पाणी झपाट्याने निघते आणि दोन-तीन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो. व्हेरोनाच्या उत्तरेला वाल्पोलिचेल्लाच्या टेकड्यांवर मात्र ते मेण जपतात आणि घड साधारण १०० ते १२० दिवस सावकाश सुकू देतात. वजन ३० ते ४० टक्केच घटते. मणी सुरकुततो, पण रसाळ राहतो.

एवढा वेळ कशासाठी? वेलीवरून तोडला तरी मणी लगेच मरत नाही. त्याचे श्वसन चालू असते, त्यात मॅलिक आम्ल खर्च होते आणि कोर्विनासारख्या जातीच्या सालीत नवी द्रव्येही तयार होतात. घाईने सुकवला तर निव्वळ साखर दाट होते. अल्कोहोल वाढते, पण चवीला खोली येत नाही. म्हणूनच पंखे आणि आर्द्रता खेचणारी यंत्रे वापरायला तिथल्या नियमांत मुभा आहे, गरम हवा सोडायला नाही.

मुख्य जात कोर्विना, ४५ ते ९५ टक्के. तिच्यातला काही वाटा कोर्विनोने या जातीने भरून काढता येतो. रोंदिनेल्ला ५ ते ३० टक्के. जुन्या बागा मांडवावरच असतात, तेवढे आपल्या बागायतदाराला ओळखीचे वाटेल. तोडणी सप्टेंबरच्या मध्यापासून, हाताने. निवडायचा तो मोकळा घड. दाट घडात हवा खेळत नाही आणि दबलेला मणी फुटला की बुरशीला दार उघडते. पाऊस झाला असेल तर घड कोरडे होईपर्यंत कात्री लावत नाहीत. क्रेटमध्ये एकच थर, घडावर घड नाही. पूर्वी यासाठी ‘आरेले’ नावाच्या बोरूच्या मांडण्या असत. रेशीमकिडेही त्यांवरच पाळत.

धोका सर्वांत जास्त पहिल्या काही आठवड्यांत. मण्यात पाणी भरपूर आणि बाहेर शरदातली दमट हवा. देठ लवकर वाळला नाही तर बोट्रायटिस, म्हणजे करडी बुरशी, पसरते. थोडी बोट्रायटिस काही उत्पादकांना चालते, तिने वाईनला गुळगुळीतपणा येतो. पण तिच्यातले लॅकेज हे विकर रंग तपकिरी करते आणि वास बिघडवते. त्यामुळे क्रेट पुन्हापुन्हा पाहून खराब घड काढून टाकावे लागतात. या कामाला यंत्राचा पर्याय नाही.

प्रश्न : द्राक्षे इतकी गोड, मग वाईन गोड का नाही? (पुणे)

कारण जवळजवळ सगळी साखर आंबवून संपवतात. ज्यात ती मुद्दाम शिल्लक ठेवतात ती रेचोतो, या भागातली जुनी गोड वाईन. सहाव्या शतकात कॅसिओडोरस या रोमन मुत्सद्द्याने व्हेरोनाच्या वाळवलेल्या द्राक्षांच्या वाईनचे वर्णन केले आहे, म्हणजे परंपरा किती मागे जाते ते पाहा. अमारोने हे रेचोतोचे कोरडे, म्हणजे गोडवा नसलेले, भावंड. नेग्रारच्या सहकारी वाइनरीत १९३६ साली विसरलेल्या पिंपातून ती ‘सापडली’ अशी कथा सांगतात. कथा म्हणूनच ऐकावी.

ती कोरडी करणे सोपे नाही. १ डिसेंबरपूर्वी द्राक्षे चिरडायला सहसा परवानगी नसते, त्यामुळे आंबवण ऐन थंडीत होते. रस साखरेने दाट, तळघर गार, पुढे अल्कोहोल वाढलेले: यीस्ट तिन्हीकडून अडचणीत. मध्येच थांबले तर अर्धवट गोड वाईन हाती उरते आणि शिल्लक साखरेवर जिवाणू ताव मारतात, मग आंबूस वास. म्हणून जास्त अल्कोहोल सोसणारे यीस्ट घेऊन आंबवण कित्येक आठवडे संथ चालवतात. १०० किलो ताज्या द्राक्षांमागे फार तर ४० लिटर वाईन. अल्कोहोल किमान १४ टक्के, बाटलीवर बहुधा १५-१६ दिसेल. नंतर किमान २ वर्षे मुरवण, ‘रिझेर्वा’ या जास्त मुरवलेल्या प्रकाराला ४. बेर्तानीसारखे जुन्या वळणाचे उत्पादक मोठ्या स्लाव्होनियन ओकच्या पिंपांत त्याहून कितीतरी जास्त काळ ठेवतात. छोट्या नव्या पिंपांतल्या अमारोनेत लाकडाचा व्हॅनिलासारखा वास इतका पुढे येतो की द्राक्ष शोधावे लागते, असे आमचे मत.

प्रश्न : ‘रिपास्सो’ म्हणजे स्वस्त अमारोने का? (ठाणे)

नाही. अमारोने काढून घेतल्यावर उरलेल्या चोथ्यात साखर आणि जिवंत यीस्ट असते. त्यावर त्याच भागातली वाल्पोलिचेल्ला नावाची साधी वाईन ओततात, पुन्हा काही दिवस आंबवण होते आणि वाईनला अल्कोहोल, रंग, भरीवपणा मिळतो. चोथा कोरडा पिळलेला किंवा शिळा असेल तर बियांचा कडूपणा आणि व्हिनेगरचा वास उतरतो. पैशाच्या मानाने रिपास्सो बरेचदा उत्तम खरेदी ठरते.

प्रश्न : नाशिकला असे करता येईल? (निफाड)

तंत्र वापरता येईल, नाव नाही. ते त्या प्रदेशाचे आहे आणि २०१० पासून डीओसीजी या इटलीतल्या वाईनच्या सर्वांत वरच्या दर्जाने बांधलेले. अडचण हवामानाची. आपली तोडणी संपते तेव्हा पुढे उन्हाळा असतो, तिथे हिवाळा. मार्चच्या उन्हात उघड्या शेडमध्ये मणी भराभर सुकेल. थंड, कोरडी, हवा खेळती खोली बांधावी लागेल आणि तिच्या विजेचा खर्च आधी मांडावा.

प्रश्न : भेट आलेली दहा वर्षांची बाटली आहे. कशी उघडावी? (कोल्हापूर)

आदल्या दिवशी उभी ठेवा, गाळ तळाशी बसेल. अमारोने १८ अंशांच्या आसपास प्यायची असते. आपल्याकडच्या खोलीत ती फार गरम होते आणि नाकात नुसते स्पिरिट जाते, म्हणून अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. मग जगमध्ये हलक्या हाताने ओता, गाळ मानेपाशी आला की थांबा. तासभर मोकळी राहू द्या, मोठ्या ग्लासात थोडी थोडी घ्या. तांबड्या रश्श्याबरोबर नको. इतक्या अल्कोहोलने तिखट आणखी भडकते. मुरलेले कडक चीज किंवा मंद आचेवर शिजवलेले कमी तिखटाचे मटण घ्या. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते.