होकार मागे घेताना

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाला एम.एस्सी.साठी होकार कळवून झाला, डिपॉझिटही भरून झालं आणि आता तिथल्याच दुसऱ्या विद्यापीठाची ऑफर आली आहे. ‘मागे फिरले तर पहिले लोक मला काय म्हणतील?’ असं विचारलं आहेस. काहीही म्हणणार नाहीत. प्रवेश विभागात असे नकार दर वर्षी येतात. काही जण येणारच नाहीत हे धरून बरीच विद्यापीठं जागांपेक्षा जास्त ऑफर पाठवतात. तुझ्या नावापुढची नोंद बदलेल, एक ठरावीक उत्तर येईल, संपलं.

मला खटकली ती तुझी शेवटची ओळ: ‘सध्या काहीच न कळवता राहू का?’ ते करू नकोस. नकार कुणाच्या मनाला लागत नाही, गप्प राहणं लागतं. तू अडवलेल्या जागेसाठी प्रतीक्षायादीत कुणीतरी रोज ईमेल उघडून बघत असेल. त्याच्यापर्यंत ती जागा वेळेत गेली तर त्याला घर शोधायला, व्हिसा काढायला सवड मिळेल. तू ऐन सत्र सुरू होताना कळवलंस तर बहुधा ती कुणालाच मिळणार नाही.

त्याआधी एक खातरी करून घे. दुसरी ऑफर आलीच नसती, तरी पहिलीकडे जायला तुझे पाय जड झाले असते का? उत्तर ‘हो’ असेल तर प्रश्न विद्यापीठाचा नाही. विषय नको आहे, की इतक्यात घर सोडायचं नाही, की पैशांची जुळणी होत नाही, ते आधी ठरव. नाहीतर हीच घालमेल दुसऱ्या विद्यापीठात घेऊन जाशील. तब्येत किंवा घरची अडचण असेल तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का, हे विचार. सगळीकडे चालत नाही, पण विचारल्याने जागा जात नाही. आणि नुसतं क्रमवारीत दहा स्थानं वर आहे म्हणून उडी मारत असशील, तर मी तुझ्या बाजूने नाही. दोन्हीकडचे विषय, शिकवणारे आणि एकूण खर्च शेजारी शेजारी मांडून बघ.

ठरलं, तर क्रम चुकवू नकोस. आधी नवी जागा पक्की, मग जुनीला नकार. ‘पक्की’ म्हणजे अटी पुऱ्या झालेली. शिष्यवृत्ती असेल तर तिची रक्कम लेखी हातात असलेली. फोनवर कुणी दिलेला दिलासा यात धरू नकोस. यूकासमार्फत, म्हणजे ब्रिटनमधल्या सामायिक प्रवेश-अर्ज सेवेतून, पदवीला जाणाऱ्यांसाठी २०१९ पासून मिळालेली जागा स्वतःच सोडण्याचं बटण आहे. ते दाबलं की जागा गेली, मागाहून विनवण्या करून ती परत मिळेल असं धरता येत नाही. तुझं तसं नाही, पण धडा तोच.

पैशांचं काय, हे होकार देताना मान्य केलेल्या अटींत लिहिलेलं असतं. आणि त्या आपण कुणीच वाचत नाही. आता वाच. ब्रिटनमध्ये समोरासमोर न भेटता, म्हणजे पोर्टलवरून वगैरे करार झाला असेल, तर २०१३ च्या ग्राहक-करार नियमांप्रमाणे तो रद्द करायला साधारणपणे १४ दिवस मिळतात. ते उलटले असतील तर डिपॉझिट बहुतेक गेलं असं समजून चाल. व्हिसा नाकारला गेला किंवा ऑफरच्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत, तर अनेक ठिकाणी ते परत देतात. मन बदललं म्हणून क्वचितच. पण ते पैसे वाचवण्यासाठी नको असलेलं वर्ष काढणं हा मला फार महाग सौदा वाटतो.

व्हिसाचं जास्त नाजूक आहे. पहिल्या विद्यापीठाने दिलेला कॅस क्रमांक, म्हणजे व्हिसा-अर्जासाठी लागणारा प्रवेश-पुष्टीचा क्रमांक, दुसरीकडे चालत नाही. नव्या विद्यापीठाकडून नवा घ्यावा लागेल. जुन्या कॅसवर अर्ज केला असशील किंवा व्हिसा हातात आला असेल, तर दोन्ही विद्यापीठांच्या व्हिसा विभागांना आजच लिही. जुन्या व्हिसावर जाऊन नव्या ठिकाणी बसू, असा विचारही नको.

होकार खरोखर बांधून ठेवतो अशाही जागा आहेत. अमेरिकेत पदवीसाठी ‘अर्ली डिसिजन’खाली अर्ज करणारा प्रवेश मिळाल्यास येईनच असं लिहून देतो, आर्थिक मदत अपुरी पडली तरच सहसा मोकळीक मिळते. तिथल्याच पदव्युत्तर आर्थिक साहाय्यासाठी १५ एप्रिलचा संकेत अनेक विद्यापीठांनी मान्य केला आहे. दिलेला होकार त्या तारखेपर्यंत लेखी कळवून मागे घेता येतो. तू यात कुठेच बसत नाहीस, म्हणून उगाच अपराधी वाटून घेऊ नकोस.

नकार चार ओळींत लिही. नाव, अर्ज क्रमांक, अभ्यासक्रम, ‘मी ही जागा सोडत आहे’, आभार. डिपॉझिटबद्दल विचारायचं असेल तर शेवटी एक वाक्य. कारण द्यायचंच असेल तर खरं दे, आजारपण रचू नकोस. पोर्टलवर सोय असेल तर तिथेही नोंद कर आणि पोच मिळेपर्यंत काम झालं असं समजू नकोस. तिथल्या एखाद्या प्राध्यापकाशी प्रबंधाच्या विषयावर तुझा पत्रव्यवहार झाला असेल, तर कार्यालयाआधी त्यांना स्वतः लिही. कार्यालयाला तू एक क्रमांक आहेस, त्यांनी तुझ्यासाठी वेळ काढलेला असतो. तुला शिफारसपत्र देणाऱ्या सरांनाही कळव. त्यांना ते तिसऱ्याकडून कळणं बरं नाही.

मसुदा आधी मला पाठवायचा असेल तर पाठव, पण माझ्या उत्तरासाठी थांबू नकोस. नवी जागा लेखी पक्की झाली की त्याच दिवशी पाठवून दे.

कळावे,
तुझे सर